प्रश्न तुमचे: पिरॅमिड, प्रकाशाचा वेग आणि पुठ्ठ्याचे चार त्रिकोण

मागच्या अंकात गिझाच्या पिरॅमिडवर लेख आला आणि पत्रांची रीघ लागली. बहुतेकांच्या मनात एकच शंका आहे: पिरॅमिड बांधणाऱ्यांना क्वांटम विज्ञान ठाऊक होतं का? सगळ्या पत्रांना जागा देता आली नाही. ज्यांत मोजून बघण्यासारखं काही आहे, ती इथे घेतली आहेत.

खुफू राजाच्या पिरॅमिडचा अक्षांश २९.९७९२४५८ अंश आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. इतके अंक जुळतात, याला योगायोग कसं म्हणायचं? (वाचक, धरमपेठ)

आधी अक्षांश पाहू. त्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे ११०.८ किलोमीटर. त्यामुळे दशांश चिन्हानंतरचा चौथा अंक ११ मीटरचा हिशेब सांगतो आणि सातवा अंक जेमतेम एका सेंटीमीटरचा. पिरॅमिडचा पाया मात्र २३० मीटरचा आहे. उत्तर-दक्षिण तो साधारण २९.९७८१ ते २९.९८०२ एवढा पट्टा व्यापतो आणि या पट्ट्यातला कुठलाही आकडा ‘पिरॅमिडचा अक्षांश’ म्हणून सांगता येतो. मध्यबिंदू धरला तर २९.९७९२ पर्यंत जुळणी खरी आहे, हे मान्य करायला हवं. पुढचे ‘४५८’ प्रकाशवेगाच्या आकड्यावरून आणून जोडलेले आहेत. २३० मीटरच्या वास्तूचं स्थान सेंटीमीटरमध्ये सांगण्याला अर्थ नाही.

आता उरलेल्या जुळणीचं बघू. मीटर हे माप फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात ठरलं: ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. प्रकाशवेगाचा २९,९७,९२,४५८ हा नेमका आकडा तर १९८३ साली मीटरची व्याख्या नव्याने करताना कायमचा मुक्रर झाला. खुफूचा काळ इसवी सनापूर्वी २६०० च्या आसपासचा. त्याच्या कारागिरांचं माप होतं राजहात, सुमारे ५२.४ सेंटीमीटरचा. त्या हिशेबाने प्रकाशाचा वेग सेकंदाला ५७ कोटी २० लाख हातांच्या घरात येतो, मैलांत मोजला तर १,८६,२८२. एकक बदललं की जुळणी संपते.

असा आकडा पुढे आला की पहिली तपासणी हीच करावी. क्वांटम सिद्धांतात एककावर अवलंबून नसलेला आकडा आहे, सूक्ष्मरचना स्थिरांक. त्याचा व्यस्त सुमारे १३७.०३६ येतो, मग मीटर वापरा की हात. पिरॅमिडच्या दोन लांबींच्या गुणोत्तरात तो कुणी दाखवला, तर बोलायला जागा आहे. ‘पिरॅमिडची आजची उंची १३८ मीटर, म्हणजे १३७ च्या जवळच’ असं लिहिणाऱ्या दोन वाचकांनी लक्षात घ्यावं की ती उंची मीटरमधली आहे आणि वरचे दगड गेल्यानंतरची आहे. मूळ उंची १४६.६ मीटर होती.

पाया आणि उंचीच्या प्रमाणात ‘पाय’ (π) आणि सुवर्ण गुणोत्तर दोन्ही सापडतात. हे ठरवून केलं असेल ना? (स्थापत्यशास्त्राची विद्यार्थिनी, महाल)

ठरवून केलं ते उताराचं प्रमाण. पाय आणि सुवर्ण गुणोत्तर त्या उतारातून आपोआप बाहेर पडतात.

राजहाताचे ७ पंजे, पंजाची ४ बोटं. उतार मोजायची पद्धत होती ‘सेकेद’: एक हात, म्हणजे ७ पंजे, वर चढताना आडवं किती पंजे आत सरकायचं. खुफूच्या पिरॅमिडचा सेकेद साडेपाच. लाकडाचा एक काटकोनी साचा घ्यायचा, उभी बाजू ७ पंजे, आडवी साडेपाच, आणि बाहेरच्या आवरणाचा प्रत्येक दगड त्या साच्याला लावून घडवायचा. गवंडी गुण्या लावतो, तसंच हे काम. पातळी बघायला ओळंबा टांगलेली लाकडी चौकट असायची. कोन अंशांत मोजायची गरजच पडत नाही.

आता गणित करा. उंची २८० हात, पाया ४४० हात. निम्मा पाया २२०, आणि २२० भागिले २८० म्हणजे ५.५ भागिले ७. चारही बाजूंची बेरीज १७६०, तिला उंचीने भागलं तर ४४/७, म्हणजे २२/७ ची दुप्पट. साडेपाच सेकेदच्या कुठल्याही पिरॅमिडमध्ये, मग तो दहा हातांचा का असेना, हेच उत्तर येणार. मेदुमच्या पिरॅमिडचा उतारही असाच आहे, तिथेही ‘पाय’ सापडतो. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडचा सेकेद सव्वापाच. त्याच सूत्रात पायची किंमत नेमकी ३ निघते. दहशूरच्या लाल पिरॅमिडचा साधारण साडेसात; तिथे ४.२९ येते. पाय हे रहस्य जपायचं असतं, तर खुफूच्या मुलाने, खाफ्रेने, ते टाकून का दिलं असतं?

सुवर्ण गुणोत्तराचंही तसंच. बाजूच्या त्रिकोणाची तिरपी उंची ३५६.१ हात, तिला २२० ने भागलं की १.६१८६. सुवर्ण गुणोत्तर १.६१८०. एकाच उतारातून दोन्ही जवळपास साधतात, कारण पाय आणि सुवर्ण गुणोत्तर यांच्यातच तसं एक अंदाजी नातं आहे.

परीक्षेसाठी एक खरा प्रश्न सोडवून बघा. ऱ्हाइंड पपायरस या प्राचीन इजिप्तच्या गणिताच्या गुंडाळीतलं ५६ वं उदाहरण: पाया ३६० हात, उंची २५० हात, सेकेद काढा. १८० भागिले २५०, गुणिले ७. उत्तर ५ पूर्णांक १/२५ पंजे. लेखनिक अहमोसने ते इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास नकलून ठेवलं आहे.

पिरॅमिड विद्युतचुंबकीय ऊर्जा एकवटतो हे रशियन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, असं दुकानदार सांगतो. खरं आहे का? (वाचक, सदर)

शोधनिबंध खरा आहे. २०१८ चा, सेंट पीटर्सबर्गच्या आयटीएमओ विद्यापीठाचे आणि जर्मनीतल्या हॅनोवरचे संशोधक. त्यांनी संगणकावर गणित केलं. पिरॅमिडमध्ये जाऊन काही मोजलं नाही. दगड सगळीकडे सारख्या चुनखडीचा मानला आणि २०० ते ६०० मीटर लांबीच्या लहरी त्यावर पडल्या तर काय होईल ते पाहिलं. काही लांबींना अनुनाद येतो आणि खोल्यांमध्ये व पायाखाली क्षेत्र थोडं तीव्र होतं.

२०० ते ६०० मीटर म्हणजे रेडिओचा मीडियम वेव्ह पट्टा. आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झचं प्रक्षेपण ५१२ मीटरच्या लहरींवर येतं, ते याच पट्ट्यात बसतं. हे सगळं गणित मॅक्सवेलच्या एकोणिसाव्या शतकातल्या समीकरणांचं आहे, क्वांटमचा त्यात संबंध नाही. संशोधकांना पिरॅमिडच्या आकाराचे नॅनोकण संवेदकांसाठी आणि सौर घटांसाठी वापरता येतील का, हे बघायचं होतं.

दुकानातल्या वस्तूला हे लागू करायचं तर माप त्याच प्रमाणात कमी करा. भरीव चुनखडीच्या १० सेंटीमीटर पायाच्या पिरॅमिडला ९ ते २६ सेंटीमीटरच्या लहरी लागतील, म्हणजे वायफाय आणि मोबाइलच्या. त्या आकाराचा दगडी गोळा किंवा ठोकळाही त्या लहरींना असाच अडतो. तांब्याच्या तारेच्या पोकळ सांगाड्याला किंवा प्लॅस्टिकच्या टोपीला हे गणित मुळीच लावता येत नाही.

वैश्विक किरणांनी पिरॅमिडच्या आत पाहिलं, ते नेमकं कसं? सीताबर्डीच्या टेकडीवर असं करता येईल का? (भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, हिंगणा रोड)

पिरॅमिड आणि क्वांटम यांची खरी गाठ इथे पडते, म्हणून जरा सविस्तर.

अवकाशातून आलेले प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरात आदळले की पायॉन नावाचे अल्पजीवी कण जन्मतात आणि त्यांच्या ऱ्हासातून म्यूऑन. म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड, सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. या वेळात प्रकाशाच्या वेगानेही ६६० मीटरच जाता येईल, तरी ते १५ किलोमीटर उतरून येतात. वेगामुळे त्यांचं घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालतं. हे होमी भाभांनी १९३८ सालीच दाखवून दिलं होतं. समुद्रसपाटीला आडव्या तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरेक म्यूऑन जातात: दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला सुमारे एक.

चुनखडीच्या दर मीटरला म्यूऑन साधारण अर्धा अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा गमावतो. जमिनीवर पोचणाऱ्या म्यूऑनची सरासरी ऊर्जा ४ अब्जांच्या आसपास, म्हणजे आठेक मीटर दगडात तो थांबतो. १०० मीटर दगड ओलांडायला ५० अब्जांहून जास्त ऊर्जा हवी आणि तसे म्यूऑन विरळ. ज्या दिशेने जास्त आले, त्या दिशेला दगड कमी. छातीच्या एक्स-रेसारखंच, फक्त नळी आकाशात आणि पट्टी खाली.

लुई अल्वारेझ यांनी १९६० च्या दशकात खाफ्रेच्या पिरॅमिडखालच्या खोलीत ठिणगी-कक्ष (कणाची वाट ठिणग्यांनी दाखवणारं यंत्र) बसवून हे पहिल्यांदा केलं. १९७० साली निकाल छापला: तपासलेल्या १९ टक्के भागात गुप्त खोली नाही. नकारार्थी निकालही त्यांनी पूर्ण आकड्यांसह मांडला, हे या विषयातलं सर्वांत शिकण्यासारखं काम आहे. २०१५ मध्ये स्कॅनपिरॅमिड्स प्रकल्प सुरू झाला, त्यात खुफूचा पिरॅमिडही होता. नागोया विद्यापीठाने प्रकाशपायस (छायाचित्राच्या फिल्मसारख्या) पट्ट्या लावल्या, जपानच्या केईके संस्थेने स्फुरक (कण गेला की चमकणाऱ्या) पट्ट्यांचे शोधक आत ठेवले, फ्रान्सच्या गटाने बाहेरून वायूवर चालणारे शोधक रोखले. तिन्ही पद्धतींना मोठ्या दालनाच्या वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी दिसली. २०१७ मध्ये ते जाहीर झालं. उत्तर बाजूच्या कमानीसारख्या दगडांमागे २०२३ मध्ये सुमारे ९ मीटर लांब आणि २ मीटर रुंद मार्ग सापडला, आणि तिथे दगडांच्या फटीतून बारीक दुर्बीण-नळी घालून तो डोळ्यांनी पाहिलाही. मोठ्या पोकळीचं तसं प्रत्यक्ष दर्शन अजून झालेलं नाही.

काम बिघडतं कुठे?

मोजदाद अपुरी राहते. N म्यूऑन मोजले तर चूक √N ची. एखाद्या दिशेला ५ टक्के जादा आले, असं खात्रीने (पाच प्रमाण विचलनांनी) म्हणायला त्या एका दिशेत १०,००० म्यूऑन हवेत. म्हणून महिने लागतात.

एका जागेवरून फक्त दिशा कळते, अंतर नाही. पोकळी २० मीटरवर आहे की ६० वर, हे ठरवायला दुसऱ्या जागेवरून पाहावंच लागतं. दिशेत एक अंशाची चूक झाली, तर ६० मीटरवर ती एक मीटरची होते.

प्रकाशपायस पट्टीला वीज लागत नाही, म्हणून अरुंद खोलीत ती सोयीची. पण उष्णतेने ती धुरकटते आणि जुन्या-नव्या रेषा वेगळ्या करता येत नाहीत. त्यातल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणातून म्यूऑन गेला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि रजताचा सूक्ष्म ठिपका बसतो. ही क्वांटम क्रिया आहे आणि ती शोधकात घडते. पिरॅमिडचा आकार तिथे काहीच करत नाही.

सीताबर्डीचं म्हणाल तर, म्यूऑन वरून येतात, त्यामुळे शोधक टेकडीच्या खाली हवा. बाजूला ठेवून तिरपं पाहिलं, तर संख्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने घटते. उभ्या रेषेपासून ७० अंशांवर बाराएक टक्केच उरते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ते वेगळंच. महाविद्यालयात सुरुवात करायला सोपा प्रयोग असा: ५×५×१ सेंटीमीटरच्या दोन स्फुरक वड्या एकावर एक, प्रत्येकीला सिलिकॉन प्रकाशगुणक (मंद चमक टिपून विजेचा स्पंद देणारा), आणि दोन्हींत एकाच वेळी आलेले स्पंदच मोजायचे. वड्या जवळजवळ ठेवल्या तर मिनिटाला वीस-पंचवीस मिळतील. गच्चीवर एक दिवस आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये एक दिवस मोजा. मधल्या स्लॅबांमुळे होणारी घट दिसायला हवी. वड्यांवर काळी टेप नीट नसेल, तर प्रकाश शिरून आकडा भरमसाट येतो. नागपूरच्या मे महिन्यात प्रकाशगुणकाचं तापमान नोंदवणं अत्यावश्यक: दर आठ-दहा अंशांना त्याचे खोटे स्पंद दुप्पट होतात.

राजाच्या खोलीतला ग्रॅनाइट दाबाखाली वीज तयार करतो म्हणे? (वाचक, इतवारी)

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं आणि क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार तयार होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. गॅस शेगडीचा खटका-लायटर याच गुणावर चालतो. त्यातला पदार्थ कृत्रिम सिरॅमिक असतो. पण अडचणी दोन. ग्रॅनाइटमधले क्वार्ट्झचे कण वाटेल त्या दिशांना बसलेले असतात, एकाचा भार दुसरा खोडतो. आणि भार तयार होतो तो दाब बदलताना. साडेचार हजार वर्षं एकाच वजनाखाली बसलेल्या शिळेतून प्रवाह शून्य. म्हणूनच लायटरही दाबून धरला की एकदाच ठिणगी टाकतो. सीताबर्डीच्या काळ्या बेसाल्टमध्ये तर क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच, त्यामुळे ‘नागपूरचा दगडही भारित’ हा याच पत्रातला दुसरा दावाही टिकत नाही.

क्वांटम उत्तोलनाने दगड उचलले असतील का? (विद्यार्थी, मानेवाडा)

अतिवाहक (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात न अडवणारा पदार्थ) तरंगवायला उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन लागतो आणि चुंबक लागतात. चुनखडी अतिवाहक नाही. दगड कसे आणले याचे कागद मात्र सापडलेत. २०१३ मध्ये पिएर तालेत यांच्या चमूला तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. तुराच्या खाणीतून चुनखडी भरायची, होडीने गिझाला न्यायची, परत यायचं, असं दिवसवार लिहिलं आहे. जमिनीवर घसरगाडी ओढत. नंतरच्या काळातल्या जेहुतिहोतेपच्या थडग्यातल्या चित्रात गाडीपुढे वाळूवर पाणी ओतणारा माणूस स्पष्ट दिसतो. ॲमस्टरडॅम विद्यापीठाने २०१४ मध्ये हे मोजलं: वाळू योग्य तेवढी ओली असेल, तर ओढायचा जोर निम्म्यावर येतो. कोरडी वाळू गाडीपुढे ढिगारा करते, पाणी जास्त झालं की ती पुन्हा ढिली पडते.

‘क्वांटम पिरॅमिड’खाली दूध नासत नाही, असं सांगून आमच्या भागात विक्री चालू आहे. शाळेतल्या मुलांकडून हे तपासून घ्यायचं आहे. कृती द्याल का? (शिक्षिका, वर्धा रोड)

जरूर. जाड पुठ्ठा, अर्ध्या लिटरची दुधाची एकच पिशवी, ६ सेंटीमीटर व्यासाच्या आणि ४ सेंटीमीटर उंचीच्या नऊ सारख्या स्टीलच्या वाट्या, अरुंद पट्ट्याचा पीएच कागद.

पिरॅमिड चार करा, पाया २२ सेंटीमीटर, उंची १४. त्यासाठी त्रिकोण कापायचा तो २२ पायाचा आणि १७.८ उंचीचा, तिरप्या कडा २०.९ येतील. इथे नेहमी एक चूक होते: मुलं त्रिकोणाचीच उंची १४ धरतात आणि जोडल्यावर पिरॅमिड जेमतेम ८.७ सेंटीमीटरचा बसका होतो. मग विक्रेता म्हणणार, आकारच चुकला. तुलनेसाठी त्याच पुठ्ठ्याचे चार बिनतळाचे घनाकृती डबे, बाजू १३.१ सेंटीमीटर. दोन्हींचं घनफळ सारखं, सुमारे २२६० घन सेंटीमीटर. नुसत्या उघड्या वाटीशी तुलना केली, तर झाकण्याचाच परिणाम मोजला जाईल.

उत्तर दिशा हवी असेल, तर गच्चीवर ओळंब्याने सरळ केलेली ३० सेंटीमीटरची काठी रोवा, भोवती वर्तुळ काढा, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकतं त्या दोन खुणा जोडा. ती रेघ पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात उत्तर. नागपुरात सूर्य माथ्यावर येतो तो बहुतेक दिवस घड्याळी बारानंतर, साधारण सव्वाबाराच्या आगेमागे, म्हणून बाराची सावली उत्तर म्हणून धरू नका.

दूध एकदाच उकळून गार करा, प्रत्येक वाटीत ५० मिलिलिटर. आठही वाट्या ४ सेंटीमीटरच्या ठोकळ्यावर. विक्रेते सांगतात ती ‘राजाच्या खोलीची’ उंची साधारण तेवढीच. कुठली जागा पिरॅमिडला आणि कुठली डब्याला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. एका ओळीत ठेवताना खिडकीची बाजू जास्त तापते, आणि सगळे पिरॅमिड सावलीच्या टोकाला गेले तर निकाल खिडकीचा असेल. नववी वाटी त्याच टेबलावर एका साध्या डब्याखाली ठेवा. तिला आंबूस वास यायला लागला की तपासणीची वेळ झाली. मे महिन्यात त्याच दिवशी येईल, डिसेंबरात दुसरा दिवस उजाडेल.

मांडणारा गट वेगळा, तपासणारा वेगळा. मांडणाऱ्यांनी डबे आणि पिरॅमिड काढून घ्यायचे, वाट्यांवर १ ते ८ आकडे घालायचे, यादी बंद पाकिटात. तपासणाऱ्यांनी वास घेऊन आणि पीएच पाहून (ताज्या दुधाचा ६.६ च्या आसपास, आंबताना खाली येतो) सर्वांत ताज्या चार वाट्या निवडायच्या. प्रत्येक वाटीला वेगळा चमचा. दूध चाखायचं नाही.

आठातून चार निवडायचे ७० प्रकार. निव्वळ अंदाजाने चारही बरोबर यायची शक्यता ७० त एक. चारपैकी तीन किंवा जास्त बरोबर यायची ७० त १७, म्हणजे जवळजवळ चारातून एकदा. तेव्हा ‘तीन बरोबर आल्या’ म्हणून कुणी नाचायला लागलं तर थांबवा. चारही बरोबर आल्या तर नवी पिशवी, नव्या चिठ्ठ्या आणि गटांची अदलाबदल करून पुन्हा करा. दुसऱ्यांदाही चारही आल्या, तर ४९०० त एक अशी गोष्ट घडली आहे. पाकिटातली यादी, पीएचचे आकडे आणि खोलीचं तापमान घेऊन ते सगळं आमच्याकडे पाठवा. या सदरात पूर्ण छापू, आणि निकाल उलटा आला तरी छापू.